कुकरला मिळालेली दाद

आमच्या घरात बाबा गातात, काका पेटी वाजवतात, आत्या गाणं शिकवते आणि आई या तिघांना सांभाळते. मी जन्मलो तेव्हा माझं पहिलं रडणं ऐकून आत्याचा चेहरा पडला म्हणे. शाळेत जायच्या आधीच माझा निकाल लागला होता: पोरगं बेसूर आहे. मग घरात गाणं सुरू झालं की मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवायचे आणि बाबा म्हणायचे, “तू गप्प बस.” प्रेमानंच म्हणायचे, पण रोज म्हणायचे.

बाबांची दाद म्हणजे एकच शब्द, ‘वा’. तो कुणालाही मिळत नाही. एकदा कुकरची शिट्टी नेमकी सुरात लागली, तर बाबा जेवता जेवता डोळे मिटून म्हणाले, “वा.” त्याच आठवड्यात मी वक्तृत्वाचं बक्षीस आणलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, “ठीक.” तेव्हापासून माझं त्या कुकरशी वाकडं आहे.

पुढे मी नट झालो. “असू दे, काहीतरी करायलाच हवं,” असं म्हणून काकांनी आईचं सांत्वन केलं. माझी नाटकं बघायला सगळे यायचे, नाही असं नाही. पण परतताना चर्चा कशाची, तर पार्श्वसंगीतातलं व्हायोलिन किती उतरलं होतं याची. खून मी करायचो आणि भाव व्हायोलिन खायचं.

सध्याच्या नव्या नाटकात माझी बायको मला सोडून जाते. दार लागतं आणि काही बोलायच्या आधी मी थोडा वेळ नुसता बसून राहतो. पहिल्या प्रयोगाला घरचे पुढच्याच रांगेत होते. खरं सांगतो, मला टाळ्या नको होत्या. एक ‘वा’ हवा होता, कुकरला मिळाला तेवढाच.

दार लागलं आणि दिग्दर्शकानं शिकवलेलं सगळं डोक्यातून उडालं. मी खुर्चीत बसलो, घरच्या कोपऱ्यात बसायचो तसाच. हात मांडीवर, मान खाली, आत सगळं दाटून आलेलं आणि बोलायची सोय नाही. नाट्यगृह चिडीचूप होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “वा.”

मागच्या लोकांनी बाबांना दटावलं. मी पुढचं वाक्य साफ विसरलो. विंगेतून तीनदा सांगावं लागलं.

प्रयोग संपल्यावर बाबा आणि काका रंगपटात आले. मागून आत्या व्हायोलिनची तक्रार घेऊन आली होती, तिला बाबांनी हातानंच थांबवलं.

“ते गप्प बसणं,” ते मला म्हणाले, “कुठे शिकलास?”

“तुमच्याकडेच, बाबा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. माझं बोलणं लागलं वाटतं त्यांना. मग हळूहळू त्यांची मान डोलायला लागली.

“तरीच,” ते काकांकडे वळून म्हणाले. “तालीम आपली आहे.”

काका डोळे मिटून म्हणाले, “वा.” बाबांना.