दोन मनगटं

"डाव्याला एक, उजव्याला एक लावा, हमीदभाई. निवाडा घरी जाऊन करतो," असं म्हणून आबाजींनी कर्जतच्या अत्तरवाल्यापुढे दोन्ही मनगटं धरली. अत्तरं दोन्ही ऊदाचीच. एक कोरडं, नुकताच रंधा मारलेल्या सागासारखं. दुसरं गोडसर, धुरकट. सोबत आलेल्या लेकीला, सुरभीला, दोन्ही आवडली होती.

आबाजींचं आयुष्य भिवपुरीच्या वीजघरात गेलं, पण गावात त्यांची ओळख अत्तराची. लग्न कुणाचंही असो, मांडवाच्या दारात पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावायला तेच उभे. आता लेकीचंच लग्न होतं. नेहमीचा हिना चालणार नव्हता.

त्या रात्री हात धुवावा लागू नये म्हणून ते चमच्याने भात जेवले. साहेब झालात की, असा टोमणा बायकोने, इंदूबाईंनी, मारला. अत्तर कुठलं ते सकाळी सांगतो, म्हणून आबाजी झोपले ते उठलेच नाहीत.

लग्न वर्षाच्या आत उरकायचं भावकीने ठरवलं. अत्तराचा मान लडकूकाकांकडे गेला. कुणाला बाबा गेल्याची बातमी द्यायची वेळ आली की सुरभी फोन आईच्या हातात देई.

आज ती आईला घेऊन दुकानात आली. इंदूबाई पायरीवरच थांबल्या. शुभकार्याच्या खरेदीत विधवेचं काय काम, म्हणू लागल्या. सुरभीने त्यांना हाताला धरून आत आणलं.

हमीदभाईंनी तिच्या दोन्ही मनगटांवर त्याच दोन अत्तरांचे थेंब टेकवले. ती हुंगत राहिली. बाबांनी कुठलं घेतलं असतं, ते काही केल्या कळेना. शेवटी तिने हात आईपुढे केले. इंदूबाईंनी एक हुंगलं, दुसरं हुंगलं, पुन्हा पहिलं.

"ह्यो कोरडा घे. गोड वास मांडवात जेवनाच्या वासात बुडतो गं. एवढ्या लग्नांचे त्यांचे सदरे मीच धुतले ना? कुठला टिकतो ते मला ठाव हाय."

इतक्या महिन्यांत आईचा आवाज असा ठाम झालेला सुरभीने ऐकला नव्हता.

कुपी भरता भरता हमीदभाईंनी विचारलं, "आबाजी नाय आले?"

इंदूबाईंनी सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. सुरभीने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"बाबा गेले, चाचा," ती म्हणाली. "मांडवाच्या दारात अत्तर आई लावणार आहे."