सोंग

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिलीचं टोक पडद्यावरच्या उजळ डागाशी नेलं. मास्तर खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसले होते. बायकोच्या मेंदूचं चित्र असं न्याहाळताना त्यांना अवघडल्यासारखं होत होतं. तिला न विचारता तिचं कपाट उघडावं तसं.

"एमआरआयमध्ये नुसती शंका होती. या पेट स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतंय," त्या म्हणाल्या. "रोगाशी लढणारी शरीराची यंत्रणाच मेंदूवर उलटलीय. हात उडतो, तोंड वाकडं होतं, ते फिटचे झटके आहेत. दिवसाला पन्नास-पन्नास."

"म्हणजे ती मुद्दाम नव्हती करत?"

"मुद्दाम कशाला करतील काका?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ती शिवणकाम करायची. गेल्या आठ महिन्यांत तिच्या कात्रीखाली लोकांची किती कापडं वाया गेली. एकदा तर एका बाईंच्या ब्लाउजची बाहीच कापली गेली, तेव्हा त्या बाईंसमोरच ते ओरडले होते, "काम नको म्हणून हे सोंग. नाटकं पुरे झाली." त्या दिवसापासून ती उजवा हात मांडीखाली दाबून बसू लागली. हाताबद्दल पुन्हा अवाक्षर नाही.

"तेव्हाच आणलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "झटके औषधांनी थांबतील. स्मरणशक्ती मात्र... लवकर आला असता तर जास्त वाचली असती."

पाच दिवस सलाईनमधून औषध गेलं. पाचही दिवस मास्तर मनात एकच वाक्य जुळवत होते. सहाव्या सकाळी तिचा हात शांत होता. ते खाटेशेजारी स्टूल ओढून बसले.

"अगं, मी तुला फार वाईट बोललो होतो. सोंग करतेस म्हणालो. त्या बाईंसमोर."

"कुठल्या बाई?"

"त्यांची बाही कापली गेली होती बघ."

तिनं कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. मग हसली.

"तुम्ही ओरडलात? चहात साखर विसरले तर तेवढं सांगायला तुम्हाला दुसरा दिवस उजाडतो."

"खरंच सांगतोय गं."

तिनं उजवा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"दुसरं कुणीतरी बोललं असेल. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

मास्तरांनी त्या हाताकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले.