मैनाबाईचा गुडघा

भाताच्या आवणीत रोपं लावताना चिखलात पाय रुतला, अंग वळलं आणि मैनाबाईच्या उजव्या गुडघ्यात कळ उठली. दिवाळी सरली तरी ती हटेना. तेव्हा तिचा मुलगा धनेश तिला अंबाडीजवळच्या गावातून भिवंडीला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, गुडघा झिजलाय, आतली गादीही फाटलीय. पण सांधा अडकत नाही, तर ऑपरेशनची घाई नको, आधी व्यायाम करून बघू.

मैनाबाईला ते पटेना. फाटलेलं कापड ओढलं तर आणखीच फाटणार ना?

तिथे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने, संघरत्नाने, तिची मांडी चाचपून पाहिली. "मावशी, गुडघ्याचा भार ही मांडी उचलते. तुम्ही बसून राहिलात, ती ढिली पडली. थोडं दुखलं तर चालेल. सूज आली, पाय अडकला, तर मला फोन करा."

खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, मग एका पायावर उभं राहायचं; पण तेव्हा शेजारी माणूस हवं. घरात माणूस कुठलं? धनेश पहाटेच गोदामात ड्युटीला जाई. मैनाबाई ओटीवर एकटीच उभी राहिली, डगमगली आणि तिने खांबाला मिठी मारली.

समोरच्या ओटीवरून तिची धाकटी जाऊ गुणाबाई बघत होती. गुणाबाईच्या मुलीच्या, रूपाच्या हळदीत मानपानावरून बिनसलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. आज ती अंगण ओलांडून आली.

"पडशील, बाय."

"पडंन तर पडंन. तुला काय?"

"मला काय? उचलाया मलाच यावं लागंल ना!"

तिने मैनाबाईचं कोपर धरलं. दुसऱ्या दिवशी ती आपली खुर्ची घेऊनच आली. तिचेही गुडघे कुरकुरत होते.

मध्येच मैनाबाईने उकिडवं बसून चार घमेली माती भरली आणि गुडघा सुजला. "बघ, फाटलं आणखी," म्हणत ती आडवी झाली. गुणाबाईनेच संघरत्नाला फोन लावला. संघरत्ना म्हणाली, "एकदा येऊन दाखवून जा. सूज उतरेपर्यंत व्यायाम कमी करा, पण सोडू नका." सूज उतरली तशी गुणाबाईने पुन्हा दोन्ही खुर्च्या मांडल्या.

एके सकाळी ती हळूच म्हणाली, "रूपाला सातवा लागलाय. बाळंतपण हितंच करायचं. मला एकटीला झेपंल का?"

"एकटी कशाला?" मैनाबाई एका पायावर उभ्या उभ्याच म्हणाली. "मी हाय ना."

शिमग्यापर्यंत ती अंबाडीच्या बाजारात चालत फिरू लागली. चढ आला की गुडघा अजून बोले, खाली बसणं तर सुटलंच; पण ऑपरेशनचा विषय पुन्हा निघाला नाही.

रूपाला मुलगी झाली. गुणाबाई कशीबशी पाटावर टेकली, पाय पसरून तिने बाळाला पायांवर घेतलं. मैनाबाई कोमट पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी वाकली.

"हळू, बाय, डोळ्यांत जाईल."

"माझ्या हातनं चार पोरं न्हाली हायेत," मैनाबाई म्हणाली आणि तिने धार अगदी बारीक केली.