गुंड्याचं पथ्य

खरखर, खरखर, खरखर. मग गळ्यातल्या बिल्ल्याची टिणटिण. मग पुन्हा खरखर.

हा आवाज क्षितिजाच्या डोक्यात कायमचा मुक्कामाला आला होता. शिवडीला, बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका ऑफिसात ती कागदपत्रं बघायची. खिडकीबाहेर दिवसभर ट्रक घरघरत उभे असत, आणि त्या गदारोळातही कोणी नुसती खुर्ची सरकवली तरी हिची मान वर. गुंड्या खाजवतोय, असंच वाटायचं. गुंड्या तर तिकडे गिरगावात, घरी. तिथे तो खाजवत असायचाच, हा भाग वेगळा.

गुंड्या म्हणजे तिचा कुत्रा. ‘तिचा’ असं मुद्दाम म्हणायला हवं, कारण त्याला घरात घ्यायला दुसऱ्या कोणाचा होकार नव्हता. गोदामामागे पुठ्ठ्याच्या खोक्यात कुंई कुंई करणारं ते पिल्लू तिने उचललं, पदराखाली झाकून बसमधून आणलं. “आठ दिवस हं फक्त,” असं तिचा नवरा यतीन म्हणाला होता. ते आठ दिवस सहा वर्षं चालले होते. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावर घरात दाराशी तिची वाट बघणारा एवढा एकच जीव उरला होता, आणि हे ती कोणाला बोलून दाखवत नसली तरी सगळ्यांना माहीत होतं.

आणि त्याच जिवाच्या अंगावर गेलं वर्षभर चट्टे उठत होते. पोटावर, काखेत, कानांच्या आत. लालभडक. पिसवांचं औषध झालं, तीन तऱ्हेचे शाम्पू झाले, कडुलिंबाचं तेल झालं, गादी बदलली, फरशी पुसायचं औषध बदललं. चार दिवस बरं वाटायचं आणि पाचव्या दिवशी खरखर सुरू. पोटावरचे केस जाऊन आता कातडी दिसायला लागली होती.

“क्षिती, मला त्याचे हाल बघवत नाहीत,” यतीन म्हणाला. तो काही दुष्ट नव्हता, नुसता थकला होता. “कर्जतला माझ्या मित्राचं फार्महाउस आहे, तिथे माती आहे, हवा आहे. ही दादरची डॉक्टर शेवटची. नाही जमलं तर कर्जत. प्रॉमिस कर.”

तिने प्रॉमिस केलं.

दादरच्या डॉक्टर नूपुर तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या, हेच मुळी आश्चर्य. त्यांनी गुंड्याला उताणा करून सगळं नीट पाहिलं. त्वचेचा खरवडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. किडे नाहीत, बुरशी नाही. “खाण्यातलं काहीतरी सोसत नसावं,” त्या म्हणाल्या. “पण काय, ते रक्त तपासून धड कळत नाही. शोधायचा एकच मार्ग आहे. त्याने जन्मात कधी खाल्लेलं नाही असं काहीतरी आठ आठवडे द्यायचं आणि बाकी सगळं बंद. असं कुठलं मटण, कुठली मासळी आहे, जी त्याने कधीच खाल्ली नाही?”

क्षितिजाने यतीनकडे बघितलं, यतीनने आईकडे. सासूबाई, म्हणजे लीलाबाई, तपासायच्या टेबलाजवळ पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वय पंचाहत्तर. जुनं पाठारे प्रभू घर. त्यांच्या स्वयंपाकात कोलंबी कशात पडत नाही ते सांगणं सोपं आहे: चहात. आणि त्या कोलंबीची डोकी टेबलाखालून कुठे जायची, हेही उघड गुपित होतं. लीलाबाईंनी बराच विचार केला.

“हत्ती,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरसुद्धा हसल्या. मग त्यांनी पिशवीतलं तयार खाणं लिहून दिलं. त्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली की अंगाला ती ओळखूच येऊ नयेत. “याखेरीज एक कणही नाही. तुकडा नाही, चाटण नाही. कणही नाही,” त्यांनी बजावलं, आणि तीनही माणसांपैकी त्यांची नजर नेमकी लीलाबाईंवर थांबली. “खाज अगदीच आवरेना तर ही गोळी, रोज सकाळी.”

घरी आल्या आल्या क्षितिजाने कारभार हातात घेतला. जेवणं आता टेबलावर नाहीत, स्वयंपाकघरात, दार लावून. कामाला येणाऱ्या चंपाने आपला डबा गुंड्याच्या वाऱ्यालाही ठेवायचा नाही. फिरायला नेताना पट्टा आखूड, आणि फुटपाथवरचा भेळेचा कागद दिसला की समोरचा फुटपाथ. गुंड्या बिचारा त्या कोरड्या गोळ्यांकडे बघून उसासे टाकायचा. पहिल्या दिवशी तर औषधाची गोळीही त्याने सोफ्यामागे नेऊन थुंकली. मग क्षितिजा कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे घेऊन आली, पेढ्यात गोळी दाबली, आणि तेव्हापासून रोज सकाळी तो शेपूट हलवत तिच्यासमोर शहाण्यासारखा बसू लागला. सगळ्या दिवसात तेवढा एकच क्षण तिला बरं वाटायचं. निदान औषध तरी वेळेवर जातंय!

तीन आठवडे गेले तरी चट्टे जसेच्या तसे. डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी आधी विचारलं, “बाहेरचं काही जात नाही ना पोटात?” क्षितिजा छातीठोकपणे म्हणाली, “काहीच नाही.” डॉक्टरांनी गोळी दोनदा द्यायला सांगितली. फोन ठेवला आणि क्षितिजाच्या मनात आलं, मी देत नाही. पण मी दिवसभर घरी कुठे असते?

एकदा हे डोक्यात शिरलं ते शिरलं. ऑफिसातून ती वेळी-अवेळी घरी फोन करायची. घरी आली की ओट्याखाली वाकून बघायची. गुंड्याचं तोंड उघडून हुंगायची. रात्री यतीन घोरत असायचा आणि ही छताकडे बघत मनातल्या मनात उलटतपासणी घ्यायची. कोण? कधी? कोलंबीचं डोकं की पोळीचा तुकडा?

एका दुपारी ती न सांगता लवकर आली. लीलाबाई गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या, गुंड्याचं डोकं त्यांच्या मांडीवर, आणि तो त्यांची बोटं चाटत होता. मन लावून, एकेक.

“आई, हात बघू.”

लीलाबाईंनी हात पुढे केला. क्षितिजाने तो धरला, नाकाशी नेला आणि बोटांचा वास घेतला. दारात चंपा केरसुणी घेऊन उभी होती, ती तशीच थिजली.

“आला का वास?” लीलाबाईंनी विचारलं.

“साबणाचा येतोय.”

“मग साबणच दिला असेन मी त्याला.”

एवढ्यावर हसून सोडून देता आलं असतं. पण क्षितिजाच्या डोळ्यांपुढे कर्जत होतं. “तुमच्या घासभर लाडापायी जाईल तो,” ती म्हणाली. “मग बसा रिकाम्या गॅलरीत.” आवाज चढला होता. शेजारच्या खिडकीतला रेडिओसुद्धा बारीक झाला.

त्या दिवसापासून गुंड्याला हात लावण्याआधी लीलाबाई मोरीवर जायच्या, हात धुवायच्या आणि शाळेत नखं तपासायला धरतात तसे दोन्ही तळवे क्षितिजासमोर धरायच्या. क्षितिजा मान हलवायची, आणि मगच त्या गुंड्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. यतीनने एकदा हे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पेपर उघडून बसला. पुढच्या रविवारी लीलाबाईंनी बॅग भरली आणि लेकीकडे, माटुंग्याला निघाल्या.

“एकदा माझ्याशिवाय करून बघ,” दारात चपला घालताना त्या म्हणाल्या. गुंड्या मागे धावला, तेव्हा त्यांनी दोन्ही हात छातीशी घेतले. हात धुतले नव्हते ना.

त्या गेल्या आणि चट्टे वाढले. कानातून पाणी येऊ लागलं. क्षितिजाला आतून लख्ख कळत होतं याचा अर्थ काय ते, पण ती कबूल होईना. आधीचं भिनलेलं असणार अंगात, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. मग चंपाला धारेवर धरलं.

“वहिनी, माझा डबा मी आता खाली वॉचमनकडे ठेवते,” चंपा म्हणाली. “तुम्ही माझे पण हात हुंगाल म्हणून.”

क्षितिजाचं तोंड कडू झालं. तरी दुसऱ्या दिवशी तिने वॉचमनलाही विचारलंच, आणि गुंड्याला बाहेर नेताना तोंडाला मुसकं बांधायला सुरुवात केली.

आठ आठवडे सरले, आणि ती त्याला घेऊन एकटीच दादरला गेली. आज डॉक्टर हात वर करणार, मग कर्जत. दवाखान्यात गर्दी होती. वाट बघता बघता दुसऱ्या गोळीची वेळ झाली. आत बोलावणं आलं, तेव्हा डॉक्टर नूपुर मागचे कागद चाळत होत्या. क्षितिजाने पर्समधून स्टीलची डबी काढली, पेढा उघडला, गोळी दाबली. गुंड्या शहाण्यासारखा बसला, आणि गट्टम.

डॉक्टरांचे हात कागदांवरच थांबले.

“हे काय दिलंत?”

“गोळी. तुमचीच.”

“गोळी कळली. कशातून दिलीत?”

क्षितिजाने हातातल्या डबीत बघितलं. पेढा. मावा. दूध. रोज एक, मग खाज थांबेना म्हणून दोन. खाण्याच्या नावाखाली तिने अख्खं घर झाडून काढलं होतं, पण हे तिच्या लेखी खाणं नव्हतंच, औषध होतं.

“मी विचारायला हवं होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “कदाचित दूध नसेलही. पेढे बंद करा, मग कळेल. पुन्हा पहिल्यापासून.”

पुन्हा पहिल्यापासून सगळं झालं, गोळी पिशवीतल्याच खाण्याच्या ओल्या लगद्यातून. तिसऱ्या आठवड्यात कान कोरडे झाले. मग पोटावर मऊ लव आली. गोळ्या थांबवल्या तरी खाज नाही. शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याला मुद्दाम चमचाभर दूध देऊन पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काखेत तोच लाल चट्टा. दूधच. सहा वर्षं चहाच्या बशीतलं, दूधपोळीतलं, साईतलं, आणि शेवटी पेढ्यातलं; पाच वर्षं सोसलं आणि मग सोसेनासं झालं. कोलंबीचा काही दोष नव्हता.

“कर्जत कॅन्सल!” यतीन म्हणाला आणि गुंड्याच्या पोटाला गुदगुल्या केल्या. “आईला कळवलंस?”

“कळवते.”

घर शांत झालं. खरखर नाही, टिणटिण नाही. आणि क्षितिजाला झोप येईना. आवाजाने उडायची ती झोप आता आवाज नाही म्हणून उडाली. फोन उचलायची, ‘आई’ या नावावर बोट न्यायची आणि ठेवून द्यायची. काय सांगणार? तुमच्या बोटांचा वास घेतला तेव्हा माझ्या बोटांना पेढ्यातल्या वेलचीचा वास येत होता, हे?

एका सकाळी तिने ऑफिसात कळवलंसुद्धा नाही. गुंड्याला टॅक्सीत घातलं आणि माटुंगा गाठलं. दार लीलाबाईंनीच उघडलं. जरा वाळल्या होत्या.

“आई, मीच देत होते,” क्षितिजा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. आत जायचा तिला धीर होईना. “गोळी पेढ्यातून देत होते. दूध सोसत नाही त्याला. मीच. तुम्ही नव्हे.”

लीलाबाईंनी गुंड्याकडे बघितलं, पोटावरची नवी लव बघितली. गुंड्या पट्टा ताणून, मागच्या दोन पायांवर उभा राहून त्यांच्याकडे झेपावत होता. त्यांचे हात पुढे आले आणि मध्येच थांबले.

“थांब हं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

नळाचा आवाज आला. क्षितिजाला तो ओळखू आला, आणि तिला वाटलं, आत्ता या जिन्यावरून खाली पळून जावं. लीलाबाई बाहेर आल्या. ओले तळवे त्यांनी तिच्यासमोर धरले. चेहऱ्यावर राग नव्हता. नुसती सवय लागली होती, आणि तेच जास्त वाईट होतं.

“घे वास,” त्या म्हणाल्या.

क्षितिजाने वाकून कपाळ त्या ओल्या तळव्यांवर टेकवलं. हुंदका आवरला नाही. लीलाबाईंनी हात काढून घेतले नाहीत, पण थोपटलंही नाही.

“पुरे,” शेवटी लीलाबाई म्हणाल्या. “त्याला सोड आधी. केव्हाचा ओढतोय.”

क्षितिजाने पट्टा सोडला.