पोटातली चामड्याची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी मालमोटार आहे. पुढे दोघांपुरती बैठक आणि मागे लाकडी हौदा, एवढाच माझा पसारा. माझे लोखंड समुद्रापार ओतले गेले, हौदा मुंबईच्या सुताराने ठोकला आणि अक्कलकुव्याच्या पारसमल शेठजींनी कपाळावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढून मला दारात उभे केले.

तेव्हा माझी ऐट काय वर्णावी! म्हसावदच्या बाजारात मी शिरले की बैल बुजत आणि म्हातारी माणसे हात जोडत. मैल मोजणारे आकडे दोनदा पुरते फिरून शून्यावर आले, आणि ते सारे मैल करणसिंगनेच मला हाकले. तो सातपुड्यातला, शाळेचे तोंड न पाहिलेला. पण माझ्या आवाजावरून माझे दुखणे ओळखी.

मग मोठी लढाई पेटली आणि सुटे भाग येणे बंद झाले. माझ्या यंत्राच्या पोटात एक दांडा फिरतो. त्याच्या जोडाला मऊ धातूचे अस्तर असते, ते झिजून गेले. मी चालताना ठकठक करू लागले. करणसिंगने धुळ्याच्या एका ड्रायव्हरकडून ऐकलेली युक्ती केली. बैलाच्या चामड्याची पट्टी तेलात भिजवून त्याने जोडात बसवली. हळू हाकले आणि दर दहा मैलांना तेल पाहिले की झाले. चार महिने मी गुपचूप धावले.

शेठजी खूश झाले. "करणसिंग, तुन्हा हातमा जादू शे!" ते म्हणाले. बिचारा भोळा! कौतुकाने फुगला आणि सारे सांगून बसला.

शेठजींचा चेहरा उतरला. मित्रांनो, ते दुष्ट नव्हते. सकाळी मुंग्यांना पीठ घातल्याशिवाय ते पाणी पीत नसत. म्हाताऱ्या गुरांच्या पांजरपोळात माझ्यातूनच चारा जाई.

"मन्ही गाडीमा चामडं? काढी टाक ते. दोरा घाल, काय बी घाल!"

"शेठ, बैल ते मरी गया. त्यानं चामडं आते गाडी वाचाडी ऱ्हायनं. दोरा टिकनार नई."

पण शेठजींच्या डोळ्यांत पाणी आले, आणि करणसिंग विरघळला. पुन्हा चामडे घालणार नाही, अशी त्याने वाघदेवाची आण घेतली. डोंगरातला माणूस ती आण मोडत नाही. त्याने सुताची वळी एरंडेलात भिजवून जोडात घातली. पट्टी मात्र फेकवेना, ती कमरेला खोचली.

महिन्याभराने त्याची बायको कालीबाई बाळंतपणात अडली. तिला झोळीत घालून डोंगरावरून खाली आणले. शेठजींनी साठवलेले सारे पेट्रोल स्वतः माझ्या टाकीत ओतले. नंदुरबारचा दवाखाना गाठला तर ती वाचणार होती. पट्टी बसवायला दोन तास लागतात. दोन तास कुणाकडे होते?

तापीच्या वाळूत मी छाती फुटेस्तोवर ओढले. पलीकडे चढले आणि पोटात ठकठक सुरू झाली.

"हाऊ आवाज कसाना शे?" कालीबाईने क्षीणपणे विचारले.

"काही नई. गाडीले बी कळा ई ऱ्हायन्यात," करणसिंग म्हणाला. ती हसली, आणि मला वाटले, आता आपण पोहोचू.

कोरीट गावाजवळ सूत जळाले. तिथून नंदुरबार दूर नव्हते, पण मला एक हातही पुढे जाता येईना. करणसिंग बैलगाडीसाठी कोरीटकडे धावला. सारे बैल शेतात होते, एक माणूस ते आणायला गेला. करणसिंग परत आला, माझ्याखाली उताणा पडला आणि कमरेची पट्टी काढली. त्याचे ओठ हलत होते. तो वाघदेवाची क्षमा मागत होता.

इतके सुबक काम त्याने आयुष्यात केले नसेल. शेवटची चाकी आवळून तो बाहेर आला, तेव्हा कालीबाईचे कण्हणे थांबले होते. बैलगाडी येऊन उभी होती आणि गाडीवान पागोटे काढून खाली पाहत होता.

करणसिंगने मला सुरू केले. तोंड डोंगराकडे वळवले. कालीबाईला घेऊन आम्ही परत निघालो, आणि साऱ्या वाटेत मी एकदाही ठकठक केली नाही. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या चांगल्या चालण्याची लाज वाटली.

करणसिंग डोंगरात गेला, तो उतरलाच नाही. शेठजींनी ती पट्टी काढायला सांगितली नाही, आणि मला पुन्हा हाकूही दिले नाही. आता मी पांजरपोळाच्या कुंपणाशी गंजत उभी आहे. आत म्हातारे बैल चारा खातात. शेठजी रोज येतात, त्यांच्या पाठीवरून हात फिरवतात आणि माझ्याकडे न पाहता जातात.

तुमच्या घरी एखादे जुने यंत्र असेल, तर त्याला तेलपाणी करा. आणि ज्याचे हात त्या तेलाने काळे झाले आहेत, तो काही सांगू लागला तर वेळेवर ऐका. माझी पट्टी अजून शाबूत आहे.