पलंगाखालचा डबा

मी डबा बोलतोय. पत्र्याचा, चौकोनी, झाकणावरचं चित्र केव्हाच पुसलेला. जन्मलो बिस्किटांसाठी. ती संपली आणि एका रंगाऱ्याचा दम्याचा पंप माझ्या पोटात आला. लोकांच्या भिंती रंगवता रंगवता त्याच्या छातीचा पार भाता झाला होता. माझी जागा त्याच्या उशाजवळच्या फळीवर. तिथून मला हलवायची कुणाची टाप नव्हती.

रंगाऱ्याचं काम सुटलं आणि घराचा गाडा त्याच्या बायकोवर येऊन पडला. एका म्हाताऱ्या परदेशी बाईंची देखभाल करायची नोकरी होती, पण कुठली वस्तू कुठे आहे ते इंग्रजीत सांगता यायला हवं. मग काय, घरातल्या वस्तूंना पाय फुटले. कप खुर्चीवर, चपला दारामागे. लेक विचारायची, "व्हेअर इज द कप?" आणि आई घाम पुसत उत्तर द्यायची.

रंगारी पलंगावरून फिरकी घ्यायचा. "अगं, माझंही विचार की!"

"बरं बाबा. व्हेअर इज माय हजबंड?"

"ऑन द बेड!" त्याचं सगळं इंग्रजी एवढंच. हसता हसता त्याला ढास लागायची आणि मग माझी आठवण व्हायची.

कप-चपला पाठ झाल्यावर लेकीने मलाही खेळात ओढलं. नियम एकच होता, सराव झाला की डबा फळीवर.

त्या सकाळी मी पलंगाखाली होतो. "द बॉक्स इज अंडर द बेड," आई म्हणाली, एकदाही न अडखळता. तेवढ्यात फोन आला, मुलाखत आत्ताच आहे, लगेच या. एकच धांदल उडाली. आई मुलाखतीला धावली, लेक शाळेत गेली. मला उचलायचं दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही.

दुपारी त्याला धाप लागली. हात सवयीने फळीवर गेला. फळी रिकामी! त्याने उशी चाचपली, चादर उलटीपालटी केली. मग थांबला. "अंडर..." तो पुटपुटला. "अंडर द बेड." ऐकून ऐकून शिकला होता हो तो! खाली उतरला, पालथा झाला, हात लांब केला. बोटं मला लागली खरी, पण त्या धक्क्याने मी घसरलो आणि पार भिंतीला जाऊन टेकलो. त्याचा हात पुन्हा पुढे आला नाही.

संध्याकाळी जिन्यातूनच तिचा हसरा आवाज आला, "व्हेअर इज माय हजबंड?"

नोकरी तिला मिळाली होती. ती करते आहे, न करून सांगते कुणाला? कामावरून आली की आधी फळीवर हात फिरवून मी आहे ना ते बघते. सराव मात्र त्या दिवसापासून बंद आहे.

सगळे म्हणतात, तो पलंगावरून पडला. तीही तेच समजते. मी पाहिलंय, पण माझं कोण ऐकणार? सांगून तिचं दुःख हलकं होईल की वाढेल, तेही मला कळत नाही. तरी तुमच्यापैकी कुणी सांगणारच असेल तर तिला एवढंच सांगा, की तो पडला नव्हता. तो मला शोधत होता, तिने सांगितलं होतं तिथेच.