कार्डावरची टीम

आरोहीने पिशवीतून तो कन्सोल काढला तेव्हा मी आधी त्याला ओळखलं, तिला नंतर. काळा, जाडजूड, आणि डाव्या कोपऱ्यात कर्कटकाने कोरलेला 'नि'. तो कोरताना मी शेजारी बसलो होतो.

"साबीरदादा, डिस्कच घेत न्हाई हा. दादा रोज खेळतो. लवकर दे ना, प्लीज." एवढं बोलून ती ऑफिसला पळाली. तिच्या कंपनीची गाडी खाली हॉर्न मारत होती.

दादा म्हणजे तिचा भाऊ, निरंजन. कासार आंबोलीच्या नथूकाकांचा मुलगा आणि एके काळचा माझा जिवलग. मधल्या सोळा वर्षांत मी त्यांच्या घराची पायरी चढलो नव्हतो.

माझं काम सांगतो. दिवसा मी धरणाजवळच्या एका रिसॉर्टवर टीव्ही आणि स्पीकर सांभाळतो. उरलेल्या वेळात पौडच्या घरी, माडीवरच्या टेबलाशी बसून जुने गेमचे कन्सोल उघडतो. डिस्क वाचणाऱ्या थकलेल्या लेन्सच्या नादी न लागता आत हार्ड डिस्क बसवायची, सगळे गेम तिच्यात भरायचे, नव्या टीव्हीला जोडता येईल अशी सोय करायची. हिंजवडीची पोरं येतात. पोरं कसली, पोटं सुटलेले बाप्ये. चालू झालेला जुना गेम बघून त्यांचे डोळे भरून येतात आणि मला हसू येतं. पण हात चांगला आहे माझा, हे मी कुणाकडूनही ऐकून घेतो.

या हाताने पहिल्यांदा उघडलेला कन्सोल हाच. दहावीच्या सुट्टीत निरंजननेच गळ घातली होती, कॉपी केलेल्या डिस्क चालवणारी चिप याच्यात बसव म्हणून. माझे अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांचं डाग द्यायचं सोल्डरिंगचं यंत्र मी चोरून नेलं. दहाव्या मिनिटाला आतून धूर निघाला. नथूकाका, निरंजनचे आबा, धावत आले. "ह्याला घरात घेतलंच कुनी? पुन्यांदा हितं पाय ठिवायचा न्हाई!" निरंजन तिथेच उभा होता. 'मीच सांगितलं होतं,' एवढं तो म्हणाला असता तर पुरे होतं. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. पुढे कन्सोल पुण्याहून दुरुस्त होऊन आला, असं ऐकलं. मी मात्र दुरुस्त झालो नाही.

शुक्रवारी सुट्टी होती. झाकण काढलं आणि बोर्डच्या कडेला माझाच तो जुना डाग दिसला, सुपारीएवढा, बेढब. पुण्याच्या माणसाने बाकी सगळं नीट केलं होतं, तेवढा ठेवला होता. माझं डोकंच फिरलं.

जुन्या कन्सोलमध्ये गेमची सगळी नोंद एका छोट्या मेमरी कार्डावर साठते. कुठवर खेळलो, काय जिंकलो, सगळं. माझं नवं सॉफ्टवेअरही त्याच कार्डावर जातं. म्हणून आधी कार्डावर काय आहे ते बघायचं, उतरवून ठेवायचं आणि मगच पुसायचं, हा माझा नियम. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, हा नियम मी मोडत नाही. त्या दिवशी मोडला. निरंजनच्या कार्डात आपण कशाला डोकवायचं, असा माज होता तो, दुसरं काही नाही. फॉरमॅट केलं, सॉफ्टवेअर टाकलं, गेम भरले. कन्सोल झकास चालू झाला.

आरोहीला फोन केला. ती म्हणाली, "टीम दिसतीये ना रे?"

"कसली टीम?"

मग तिने सांगितलं. वर्षापूर्वी ताम्हिणीच्या रस्त्यावर निरंजनची मोटरसायकल घसरली, डोक्याला मार लागला. ते मला माहीत होतं. माहीत असून मी बघायला गेलो नव्हतो, हे इथे कबूल करतो. तो हिंडतो, फिरतो, जेवतो, पण माणसांची नावं गेली. आईला 'बाई' म्हणतो. फक्त क्रिकेटच्या त्या गेममध्ये त्याने दहावीनंतर कधीतरी गावातल्या पोरांची टीम बनवली होती, खेळाडूंची नावं बदलून. ती वाचली की त्याला पोरं आठवतात, कोण कसा खेळायचा तेही सांगतो. "डॉक्टर म्हनाले, हीच दोरी हाय, धरून ठेवा. बंद पडल्यापासून तो बोलतच न्हाई. हाय ना टीम?"

"हाय," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि कार्ड पुन्हा लावलं. पुसलेलं परत आणायचा माझ्याकडे होता नव्हता तो प्रत्येक इलाज करून बघितला. काहीच आलं नाही. एका माणसाकडे उरलेली शेवटची नावं मी रागाच्या भरात पुसून टाकली होती.

शनिवारी कासार आंबोलीच्या फाट्यावर विलासला गाठलं. त्याचं तिथे टायरचं दुकान आहे. कन्सोल दुरुस्तीला आलाय एवढंच सांगितलं आणि सहज विचारावं तसं टीमचं विचारलं.

"आरं, लई मिरवायचा तो त्या टीमवर! मी ओपनर व्हतो तितं," विलास हात पुसत म्हणाला. मग एकेक नाव निघत गेलं. कोण यॉर्कर टाकायचा, कोण कीपर, कोण मिशीवाला. मी सगळं पावतीच्या मागे लिहून घेतलं. दहा झाले.

"अकरावा?"

"चार नंबरचा. त्यो काय ध्येनात न्हाई बुवा."

घरी येऊन मी दहा खेळाडू तयार केले. केसांचा रंग, हाताची शैली, सगळं लिहिल्याप्रमाणे. माझी बायको फरहत चहा घेऊन वर आली. तिला सगळं सांगितलं तशी ती म्हणाली, "अहो, चौथे तुम्हीच असाल की."

"टीम मला हाकलल्यावर केलीये. तो कशाला घेतोय मला?"

"चूक झाली ते आरोहीला सांगा तरी."

"तू जा खाली," मी खेकसलो. चार नंबरला गेममधलाच कुणी गोरा खेळाडू राहू दिला.

रविवारी सकाळी गेलो. पायरीशी पाय अडखळला. नथूकाका दारात होते, वाकलेले. "ये. बस," ते म्हणाले, बाकी काही नाही. निरंजन खाटेवर बसला होता. वाळलेला, कानामागे टाक्यांची रेघ. माझ्याकडे त्याने टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे बघावं तसं बघितलं. मी जोडणी केली आणि रिमोट त्याच्या हातात दिला.

टीम पडद्यावर आली.

"विलास," तो हळूच म्हणाला. "वपनर. उजव्या हाताचा." त्याच्या आईने, सगुणाकाकूंनी, तोंडाला पदर लावला. आरोही माझ्याकडे बघून हसली, आणि त्या हसण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पुढे वाचत गेला. दुसरा. तिसरा. चौथ्यावर थांबला. वर गेला, खाली आला, पुन्हा चौथ्यावर थांबला. मग रिमोट मांडीवर ठेवला.

"साबीर कुटं हाय?"

त्याने पडद्याकडे बोट केलं.

"चार नंबर. डावखुरा. त्यो कुटं गेला?"

नथूकाका पुढे आले. "आरं, ह्योच की साबीर. तुज्यासमोर बसलाय."

निरंजनने मला दाढीपासून पायापर्यंत न्याहाळलं. "न्हाई," तो म्हणाला. "त्यो येवढा हाय." त्याने स्वतःच्या खांद्याशी हात धरून दाखवला. "आबांनी हाकलला त्याला. मी सांगितल्यालं त्याला, चिप बसव म्हनून. मी बोललोच न्हाई. म्हनून त्याला टीममदी ठिवला. आला म्हंजी खेळंल." मग त्याचा आवाज चढला. "त्याचं नाव कुनी पुसलं?"

नथूकाका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सोळा वर्षं मी ज्या एका वाक्याची वाट बघितली, ते मला ऐकायला मिळालं होतं, आणि ते बोलणाऱ्याला मी कोण हे माहीत नव्हतं.

"मी पुसलं," मी म्हणालो. "सगळीच पुसली. रागानं. ही नावं विलासला विचारून परत घातलीत." आरोहीचं हसू गेलं. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

निरंजनने रिमोट माझ्या हातात दिला. "मग लिवा परत."

मी लिहायला लागलो. एकेक अक्षर शोधायचं, बटण दाबायचं. माझं नाव लिहायला मला इतका वेळ कधीच लागला नव्हता. तो शेजारून सांगत होता. डावखुरा करा. दाढी नको, त्याला दाढी न्हाई. उंची कमी करा, अजून कमी.

"आता लावू मॅच?" मी विचारलं.

"त्यो येऊ दे की," निरंजन म्हणाला. "तुमी पौडाकडचं न्हवं? दिसला तर धाडून द्या त्याला. म्हनावं, आबा काय बोलनार न्हाईत."

पडद्यावर अकरा नावं होती. तो दाराकडे बघत बसला, आणि त्याच्या शेजारी मीही.